बोक्याचे सुळे बघ, कॅलेंडर नको

पिल्लाचं ऑपरेशन कधी करायचं, हे तू चार ठिकाणी विचारलंस आणि चार उत्तरं घेऊन माझ्याकडे आलीस. कुणी म्हणे सहा महिन्यांनी, कुणी म्हणे वर्ष होऊ दे, कुणी म्हणे एकदा बाहेर फिरून येऊ दे, मग करा. तुझ्या सासऱ्यांचं तर म्हणणं, बोक्याचं कशाला, तो काय घरात पिल्लं घालणार आहे? आता मावशीचंही ऐकून घे, आणि मग तुझं तू ठरव.

पहिलं म्हणजे तो बोकाच आहे ना, याची खात्री कर. हसू नकोस. बोका म्हणून वाढवलेल्या किती मांजरांनी कपाटात पिल्लं घातलेली मी पाहिली आहेत. शेपटी अलगद वर कर. दोन छिद्रांमध्ये चांगलं अंतर असेल आणि विसर्गासारखी एकाखाली एक दोन टिंबं दिसली, तर तो बोका. भाटीचं खालचं छिद्र उभ्या चिरेसारखं आणि वरच्याला अगदी चिकटून असतं. पांढरा, काळा आणि पिवळा असे तीन रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्कीच भाटी. नुसतं पिवळं मांजर बहुतेक वेळा बोका निघतो, पण पिवळ्या भाट्याही असतात, तेव्हा रंगावर जाऊ नकोस.

आता वय. पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लाची जन्मतारीख कोण सांगणार? ‘आणलं तेव्हा एवढंसं होतं’ यावरून महिने मोजायला गेलीस तर दीड-दोन महिने इकडचे तिकडे होतात, कारण उपाशी वाढलेलं पिल्लू वयापेक्षा लहानच दिसतं. मी दात बघते. मांजराला दुधाचे सव्वीस दात असतात, कायमचे तीस. साडेतीन-चार महिन्यांच्या सुमाराला पुढचे बारीक दात बदलायला लागतात, आणि पाचव्या महिन्याच्या आसपास सुळ्यांची पाळी येते. त्या दिवसांत वरचा ओठ जरा उचललास तर दुधाचा सुईसारखा सुळा आणि त्याला खेटून वर येणारा नवा, जाड सुळा असे दोन्ही एकदम दिसतात. पिल्लू सगळं चावत सुटतं, चार्जरची वायर, चपलेचा पट्टा, तुझा अंगठा. कधी झाडताना तांदळाच्या कणीएवढा दात सापडतो, बहुतेक वेळा सापडतही नाही, ते गिळून टाकतं. नवा सुळा डोकावला की डॉक्टरांची वेळ घ्यायची, हा माझा हिशेब. कॅलेंडरवर सहा महिन्यांची खूण करून बसायचं नाही.

सहा का नाही, हे सांगते. बोका पाच-सहा महिन्यांचा झाला की वयात यायला लागतो, काही जरा आधीच. म्हणजे सहा महिन्यांची वाट बघायची ठरवली की एखादा सण येतो, डॉक्टर गावाला जातात, तुझ्या ऑफिसात काही निघतं, आणि बघता बघता पिल्लू आठ महिन्यांचं होऊन पडद्यावर धार मारतं. २०१६ साली अमेरिकेत पशुवैद्यांच्या एका गटाने यावर विचार केला आणि पाच महिन्यांच्या आत करा असं सुचवलं. तिथल्या निवाऱ्यांमध्ये तर दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांचंही करतात, कारण दत्तक गेलेलं पिल्लू ऑपरेशनसाठी परत आणायला सगळेच विसरतात. तुला एवढी घाई नाही. तुझ्याकडे चार ते साडेपाच महिन्यांमधला काळ आहे आणि तो पुरेसा आहे.

त्या धारेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळा खेळ तिचाच आहे. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचा एक पदार्थ भरपूर उतरतो. तो नराच्या हार्मोनच्या हुकमाने तयार होतो आणि त्यात गंधक असतं. हवा लागून तो फुटला की तो ओळखीचा, नाकात बसणारा दर्प येतो. बसून केलेली साधी लघवी वेगळी आणि ही वेगळी. बोका भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी ताठ करून तिचं टोक थरथरवतो आणि मागे फवारा मारतो. शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या सीटवर तो गेला की सोसायटीच्या ग्रुपवर तुझं नाव येतं. एकदा ही सवय लागली तरी ऑपरेशनने बहुतेकांची सुटते, पण काहींची सुटत नाही. साधारण दहातला एक बोका ऑपरेशननंतरही अधूनमधून धार मारतोच. सवय लागायच्या आधीच काम झालं तर तो एक होण्याची वेळ बऱ्याचदा येत नाही.

आणि हो, धार मारलेली जागा फिनाईलने पुसायची नाही. फिनाईल मांजराला विषारी असतं. पंजे भिजतात, ते चाटतं आणि आजारी पडतं. एन्झाइमवाली धुण्याची पावडर कोमट पाण्यात कालवून जागा धू आणि नीट वाळू दे.

सासऱ्यांना काय सांगायचं? पिल्लं तो घरात घालणार नाही, खरंय, खालच्या जिन्याखाली घालायला लावेल. पण ते त्यांना पटणार नाही, म्हणून बोक्याच्याच भल्याचं सांग. वयात आलेला बोका भाटीच्या आवाजावर दुसऱ्या, तिसऱ्या गल्लीत जातो, रस्ता ओलांडताना गाडी बघत नाही. इतर बोक्यांशी भांडतो. सुळ्याची जखम वरून बारीक दिसते आणि आत पू धरते, चार दिवसांनी गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू येतं, ताप चढतो. मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा एफआयव्ही नावाचा विषाणूही मुख्यतः अशा चाव्यांमधूनच पसरतो. तो माणसाला होत नाही, पण मांजराला जन्माचा चिकटतो.

त्यांची दुसरी शंका मला माहीत आहे, कारण ती सगळ्यांचीच असते: लवकर केलं की लघवीची नळी अरुंद राहते आणि पुढे लघवी तुंबते. हे तपासून बघितलं गेलं आहे. लवकर केलेल्या आणि उशिरा केलेल्या बोक्यांच्या नळीत तसा फरक सापडलेला नाही. लघवी तुंबते ती लठ्ठपणाने, कमी पाणी पिण्याने, नुसत्या कोरड्या दाण्यांवर राहण्याने, घरातल्या ताणाने. वाढ खुंटते हेही उलटंच आहे. हार्मोन नसल्याने हाडांची टोकं उशिरा जुळतात, त्यामुळे असा बोका पायांनी किंचित लांबच होतो. एक मात्र खरं, तो गालफुगीर, पैलवानी चेहरा येणार नाही. तो हार्मोनचाच असतो. ज्यांना तसा हवा त्यांनी दुसऱ्याचा बोका बघावा.

आता थांबायचं कधी, तेही ऐक. एक, अंगात जीव नसेल तर. पाच महिन्यांचा बोका निदान दोन किलोच्या आसपास असावा. वजनकाट्यावर आधी तू एकटी उभी राहा, मग त्याला घेऊन, आणि वजाबाकी कर. फासळ्या मोजता येत असतील, पोट फुगलेलं असेल, जंताचं औषध दिलेलं नसेल, नाक गळत असेल, तर आधी ते नीट कर. दोन, लस झाली नसेल तर. दवाखान्यात दहा आजारी मांजरं येतात आणि पॅनल्यूकोपेनिया नावाचा आजार पिल्लाला दोन दिवसांत घेऊन जातो. दोन महिन्यांपासून सुरू होणारे तिहेरी लसीचे डोस आणि तीन महिन्यांनंतरची रेबीजची लस उरकली की मग तारीख घे, शेवटच्या टोचणीनंतर थोडे दिवस जाऊ देऊन. तीन, अंडकोषातल्या दोन्ही गोळ्या खाली उतरल्या नसतील तर. मागून बघ, शेपटीखाली मटारच्या दाण्याएवढ्या दोन गोळ्या हाताला लागायला हव्यात. एकच लागली तर डॉक्टर काही आठवडे वाट बघू या म्हणतील, ते ऐकायचं. पण सहा महिने उलटूनही ती उतरली नाही तर पोटात शोधून काढावी लागते. ‘एक काढली, पुरे झालं’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. आतली गोळी हार्मोन बनवतच राहते, बोका धारही मारतो, भांडतोही, आणि पुढे त्या गोळीत गाठ होण्याची भीती असते.

तुमच्या शेजारणीच्या पर्शियनसारखं चपट्या नाकाचं मांजर असेल तर भूल देताना श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते, तिला आधीच डॉक्टरांशी बोलायला सांग. आपलं गावठी मांजर या बाबतीत सुखी.

दिवस निवडताना पंचांग नको, पण सणवार बघ. दिवाळीचा आठवडा नको, फटाक्यांनी टरकलेलं मांजर टाके नसलेली जखम घेऊन पलंगाखाली घुसतं. घरी गणपती आणि माणसांचा राबता असेल तेव्हाही नको. पावसाळ्यात चालेल, फक्त अंथरूण कोरडं ठेवायचं आणि पिसवांचा बंदोबस्त आधी करायचा. कुत्र्यांसाठीचं पिसवांचं औषध मात्र मांजराला कधीही लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराचा जीव घेतं. शक्यतो तुझी सुट्टी पुढे असेल असा दिवस आणि सकाळची वेळ घे.

डॉक्टर मांजरांची सवय असलेला बघ. गाई-म्हशींचा हात कितीही चांगला असला तरी दोन किलोच्या जिवाला भूल देणं हे वेगळं काम आहे. मुंबईत असतीस तर परळला पेटिट हॉस्पिटलात जा म्हटलं असतं, तिथे पिढ्यान् पिढ्या मांजरं जातात. तुमच्याकडे कुणी असेल त्याला सरळ विचार: भुलेआधी वजन करता का, हृदय तपासता का, दुखण्यासाठी काय देता, आणि शुद्धीवर येईपर्यंत तुमच्याकडे ठेवता का? शेवटच्या प्रश्नाला ‘लगेच घेऊन जा’ असं उत्तर आलं तर दुसरा डॉक्टर बघ. उपाशी किती तास ठेवायचं तेही वय सांगून विचार. मोठ्या मांजराचा नियम पिल्लाला लावून रात्रभर उपाशी ठेवलं तर त्याची साखर उतरते. लहानांना तीन-चार तास पुरतात, आणि पाणी निघेपर्यंत समोर असू दे.

ऑपरेशन म्हणशील तर दहा मिनिटांचंही नाही. पिशवीवर बारीक छेद घेतात, गोळी बाहेर काढून तिच्याच नळ्यांची गाठ मारतात आणि छेद बहुतेक वेळा तसाच मिटू देतात. म्हणून घरी आल्यावर मातीचा किंवा बारीक खड्यांचा ट्रे दोन-चार दिवस नको, वर्तमानपत्र फाडून घाल. खडे जखमेत बसतात. भुलेतून येताना तो झिंगलेला असेल, डोळे उघडे आणि आपल्याच नादात. त्याला पलंगावर, ओट्यावर ठेवायचं नाही, जमिनीवर गोधडी घालून कोपऱ्यात ठेव, आणि अंग गार लागत असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव. नीट चालायला लागला की थोडं खायला. चाटत सुटला तर गळ्यात कॉलर. जखम सुजली, रक्त ठिबकत राहिलं, किंवा दुसऱ्या दिवशीही तो जेवला नाही, तर डॉक्टरांना फोन कर. घरातली गोळी द्यायची नाही. माणसाची पॅरासिटामॉल, अर्धी काय, तुकडाही मांजराला मारू शकतो. हे सासूबाईंनाही सांगून ठेव, त्या मायेने देतील.

दोन दिवसांत तो पडद्यावर चढलेला असेल आणि तू म्हणशील, काहीच फरक नाही. फरक असतो तो ताटात. ऑपरेशननंतर त्याला पंचवीस-तीस टक्के कमी अन्न पुरतं, आणि भूक मात्र वाढते. वाढत्या वयाचं आहे म्हणून दाण्यांचा डबा उघडा ठेवायचा नाही. वाटी ठरवून दे, दर महिन्याला त्याच काट्यावर वजाबाकी कर. थोडे उकडलेले मासे किंवा ओला खाऊ मिळाला तर पाणीही पोटात जातं. बोका लठ्ठ होतो तो ऑपरेशनने नव्हे, आपण त्याच्या ओरडण्याला बधतो म्हणून. तो ओरडेल. ओरडू दे.

आणि शेवटचं, जे डॉक्टर घाईत सांगायचं विसरतात. गोळ्या काढल्या तरी मागच्या नळ्यांमध्ये काही आठवडे बीज शिल्लक असू शकतं. महिना-दीड महिना त्याला ऑपरेशन न झालेल्या भाटीजवळ सोडायचं नाही, खिडकीची जाळी लावलेली राहू दे. तू त्याच्या बहिणीलाही आणायचं म्हणत होतीस ना? मग आधी तिची तारीख घे. भाटी चार महिन्यांचीही गाभण राहू शकते, आणि तिला भाऊ-बहीण काही कळत नाही.