स्वतःच्या हातावर प्रयोग

बोटाला चटका बसला, की त्याची वार्ता मज्जातंतूंच्या वाटे क्षणार्धात मेंदूकडे धाव घेते. हा तंतू तुटला, तर निखाऱ्याची धगही कळत नाही आणि हात नकळत भाजून निघतो. असा तुटलेला मज्जातंतू पुन्हा आपले काम करू लागतो काय?

लंडनमधील डॉक्टर हेन्री हेड यांना या प्रश्नाचा ध्यास लागला होता. त्यांच्या रुग्णांना हरपलेली संवेदना कशी परत येते, हे नीट सांगता येत नसे. तेव्हा हेड यांनी स्वतःच रुग्ण व्हावयाचे ठरविले! २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी आपल्या डाव्या हाताच्या त्वचेकडे जाणारे दोन मज्जातंतू कोपराजवळ कापवून घेतले. कापलेली टोके लगेच रेशमी धाग्याने जोडण्यात आली.

हाताचा काही भाग बधिर झाला. पुढे चार वर्षांहून अधिक काळ हेड केंब्रिजला आपले मित्र रिव्हर्स यांच्याकडे जात. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स कधी कापूस, कधी सुई, तर कधी गरम वा थंड पाण्याची नळी त्वचेला लावीत. प्रथम वेदना परतली. परंतु सुई नेमकी कोठे टोचली, हे समजेना. कापसाचा हळुवार स्पर्श कळावयास पुष्कळच काळ लागला. १९०८ साली त्यांनी हा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांचे काही निष्कर्ष पुढे इतरांना पटले नाहीत. तथापि त्यांच्या धैर्याविषयी कोणालाच शंका नव्हती.

संवेदना परत येण्यास इतका विलंब का लागावा? मज्जातंतू तुटला, की तुटीपलीकडचा धागा नष्ट होतो. त्याचे नळीसारखे वेष्टन मात्र मागे उरते. अलीकडच्या टोकाला नवा अंकुर फुटतो व त्या नळीतून पुढे सरकतो. त्याची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर! कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचावयास त्याला वर्षाहून अधिक काळ लागतो.

आज शस्त्रवैद्य सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक धाग्याने ही टोके जुळवितात. अंतर फार असल्यास पायातील एखादा मज्जातंतू काढून मध्ये बसवितात. तरीही प्रत्येक वेळी पूर्ण यश येतेच असे नाही. वाट जोडून देणे वैद्यांच्या हाती असते. त्या वाटेवरचा प्रवास शरीराला स्वतःच करावा लागतो. तोवर बधिर हाताला विस्तवापासून व धारेपासून डोळ्यांनीच जपावे लागते.