स्टायपेंड हवा, सोबतही हवी

थर्ड इयरची परीक्षा जवळ आली की हॉस्टेलमध्ये एकच विषय असतो, इंटर्नशिप कुठे करायची? पुणे, नाशिक, सुरत अशी नावं निघतात. पण काही मुलं या चर्चेत बोलतच नाहीत. ती हुशार नाहीत असं मुळीच नाही. बिनपगारी इंटर्नशिप त्यांना परवडत नाही, एवढंच. या लेखात आपण त्याचाच थोडा अभ्यास करूया.

प्रश्न काय आहे?

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. त्यामुळे धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडून आलेले आपले कितीतरी मित्र घरातले पहिलेच इंजिनिअर होणार आहेत.

आता हिशेब करा. पुण्यात कॉट बेसिस, मेस आणि बस धरून महिन्याला आठ-दहा हजार सहज लागतात. दोन महिन्यांचे झाले सोळा ते वीस हजार. शिवाय सुट्टीत गावी मजुरी करून जे पैसे मिळतात तेही बुडतात. म्हणजे तोटा दुहेरी! मग इंटर्नशिप कोणाला मिळते? ज्याच्या वडिलांना दोन महिने पैसे पाठवता येतात त्याला. पुढे नोकरीच्या इंटरव्ह्यूत 'अनुभव काय?' हा प्रश्न मात्र दोघांनाही विचारतात.

सरकारी योजना कुठे थांबतात?

ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवीधर इंजिनिअर आले. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिना किमान ९,००० रुपये स्टायपेंड ठरवला आणि त्या किमान रकमेचा अर्धा भाग केंद्र सरकार उचलतं. योजना छान आहे, पण आपल्यासाठी ती मुख्यतः डिग्रीनंतरची. राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. त्यात पदवीधरांना महिना १०,००० रुपये ठरले, पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांना ती नव्हती. थोडक्यात, डिग्रीनंतर कोणीतरी हात देतं. शिकत असतानाच्या सुट्टीत मात्र आपलं आपणच बघायचं!

इतरांनी काय केलं?

काम आणि शिक्षण एकत्र करणं महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट गरीब मुलांना दाखवली. अमेरिकेत शिकागो इथे १९७० साली फ्रँक कार यांनी 'इनरोड्स' ही संस्था सुरू केली. कृष्णवर्णीय आणि इतर वंचित गटांतल्या कॉलेजच्या मुलांना कंपन्यांत पगारी इंटर्नशिप मिळवून द्यायची आणि सोबत मार्गदर्शनही करायचं, अशी त्यांची पद्धत. पैसे आणि मार्गदर्शन त्यांनी वेगळं केलं नाही, हे महत्त्वाचं.

मेंटर कशाला?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. कंपनीला इंग्लिशमध्ये ईमेल कसा लिहायचा हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. पण ज्याची घरची भाषा पावरी किंवा मावची, शाळेची मराठी आणि इंजिनिअरिंगची इंग्लिश, त्याला ही तिसरी भाषा आहे. मशीन त्याला माझ्याइतकीच कळते. अडतं ते बोलण्यात, आणि कोणाला विचारायचं हे माहीत नसण्यात. तिथे 'अरे, मीही असाच अडलो होतो' असं सांगणारा एखादा सीनियर दादा किंवा ताई लागते.

आपण काय करू शकतो?

१. साखर कारखाना, जिनिंग, मिरची प्रक्रिया, वीज सबस्टेशन अशा जिल्ह्यातल्याच ठिकाणी कॉलेजने दोन महिन्यांच्या पगारी जागा मागाव्यात. अर्धा स्टायपेंड त्यांनी द्यावा, अर्धा माजी विद्यार्थ्यांच्या फंडातून यावा.

२. सुट्टीत हॉस्टेल आणि मेस या मुलांसाठी चालू ठेवावी.

३. प्रत्येकाला एक मेंटर द्यावा. आठवड्यातून एक फोन आणि बायोडाटा एकत्र बसून तपासणं, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

४. कोणाला गरज आहे हे वर्गात हात वर करायला लावून विचारू नये. रेक्टर सरांनी खासगीत विचारावं.

सर आणि मॅडम, दहा जागांपासून सुरुवात झाली तरी चालेल. आणि मित्रांनो, रूममेट सुट्टीत गावी चालला असेल तर 'इंटर्नशिप का नाही करत?' असं विचारण्याआधी वरचा हिशेब एकदा आठवा.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल)