पेन्सिलीआधी कणकेचा गोळा

मे महिन्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दवाखान्यात घेऊन येणारे आई-बाबा आणि आजी-आजोबा बहुधा दोन तक्रारी सांगतात. एक, मूल दिवसभर मोबाइल मागतं. दुसरी, जूनमध्ये शाळा सुरू होणार आणि त्याला अजून पेन्सिल नीट धरता येत नाही. या दोन्हींवरचा उपाय एकच आहे आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात आहे.

रायपूरचा उन्हाळा, त्यातही 25 मेच्या सुमारास लागणारा नौतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लहान मुलांना सोसणारा नाही. पारा 44-45 अंशांवर असताना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्यांना उन्हात न सोडणं अगदी योग्य. पण त्या सात तासांत मुलाला एका जागी बसवून ठेवलं, तर त्याच्या शरीराची उपासमार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान 180 मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली 60 मिनिटं चांगली दमवणारी हवीत. 10 ते 13 तास झोप हवी. पडद्यासमोर बसणं एका तासाच्या आत, आणि जितकं कमी तितकं बरं.

आता पेन्सिलीबद्दल. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी मऊ कूर्चेची असतात आणि पुढच्या काही वर्षांत एकेक करून त्यांचं हाड बनत जातं. शिवाय हाताला ताकद वरून खाली येते: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटं. खांदाच डगमगत असेल तर बोटं अक्षर कशी काढणार? म्हणून खेळांचा क्रमही तसाच ठेवा.

सकाळी अंग हलवणारे खेळ घ्या. गाद्या-उशांचा डोंगर करून त्यावर चढू द्या. पलंगाखालून रांगत जाऊ द्या. बेडकाच्या उड्या, हत्तीची चाल, हातापायांवर खेकड्यासारखं चालणं, यांनी खांदे भक्कम होतात. फरशीवर खडूनं चौकोन आखले की छत्तीसगढी पोरांचा बिल्लस हा लंगडीचा खेळ घरातच मांडता येतो. मोज्यांचे गोळे करून टोपलीत टाकायलाही मुलांना फार आवडतं.

दुपारी बोटांचे खेळ. पोळ्या लाटताना कणकेचा गोळा द्या. मळणं, थापणं, चिमटणं यांत हाताचा प्रत्येक स्नायू कामाला लागतो. दोरीवर कपड्यांचे चिमटे लावणं, मटार सोलणं, जुना कागद फाडून चिकटवणं, परातीतल्या रव्यावर बोटानं रेघा ओढणं, हे सगळं लेखनाचंच शिक्षण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, त्या दगड, पानं, बिया अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच. महागड्या खेळण्यांवाचून मुलाचं काही अडत नाही.

संध्याकाळपर्यंत भातुकली रंगू द्या. आपल्याकडे पोळ्याला, म्हणजे इथल्या पोऱ्याला, बाजारात मातीचे नांदिया बैल आणि चूल-जात्याची खेळणी येतात. ती जपून ठेवा. खोटा चहा पाजताना मूल बोलतं, वाट पाहतं, दुसऱ्याची पाळी मानतं. मराठी घरातल्या आजीनं या खेळात भाग घेतला तर भाषाही आपसूक पुढच्या पिढीत जाते. ऊन उतरलं की मात्र त्याला बाहेर न्या. डोळ्यांना उजेड आणि लांबवरचं दृश्य हवंच.

काही धोके ध्यानात ठेवा. चिंचोके, शेंगदाणे, हरभरे, मणी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. त्याहून मोठ्या मुलालाही नजरेसमोरच खेळू द्या. नाकात दाणा गेला तर घरी कोरू नका, डॉक्टरांकडे या. घास अडकून वर्षावरच्या मुलाला खोकताही येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापट्या मारा आणि कुणाला तरी लगेच मदतीला बोलवा. तोंडात बोटं घालून चाचपडू नका. रिमोटमधला चपटा गोल सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. थेट रुग्णालय गाठा. चालू कूलरजवळ ओले हात नेऊ देऊ नका आणि पाण्यानं भरलेली बादली उघडी ठेवू नका.

चौथं वर्ष पूर्ण झाल्यावरही मूल खडू मुठीतच धरत असेल, किंवा त्याआधीही ते एकच हात वापरत असेल, नावानं हाक मारल्यावर बघत नसेल किंवा खोटं-खोटं खेळतच नसेल, तर तपासणीला आणा. बाकीच्यांना पेन्सिलीची घाई करू नका. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नेही पहिलीचं वय सहा ठरवलं आहे.

आज पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा मुलाच्या हाती द्या. पीठ सांडेल, ओटा खराब होईल. मग एक ओलं फडकंही त्यालाच द्या. ते पिळताना मनगटाचा जो व्यायाम होतो, तो कोणत्याही वहीत होत नाही.