आधी अंधार मोजा

सहा वर्षं मी सिलिकॉनच्या चिपवर स्क्वीझ्ड प्रकाश, म्हणजे ज्याची खरखर निर्वाताच्या खरखरीखाली दाबलेली असते असा प्रकाश, मोजते आहे. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात जे सांगते, ते हे.

१. सिग्नलची वाट बंद करून सुरुवात करा. लेसर विभाजकावर निम्मानिम्मा होतो, दोन फोटोडायोडवर पडतो, त्यांच्या प्रवाहांची वजाबाकी होते. उरते ती निर्वाताची खरखर, म्हणजे शॉट नॉइज. लेसरची शक्ती दुप्पट केली की तिची पातळी ३ डेसिबल चढली पाहिजे. ६ चढली तर तो लेसरचा स्वतःचा गोंगाट समजा. पहिल्या वर्षी माझ्या मोजणीची रेषा या पातळीखाली गेली, मला वाटलं स्क्वीझिंग दिसलं, आणि मी रात्री अकराला गाइडना फोन केला. सकाळी कळलं, एसीच्या झोताने फायबर किंचित सरकला होता. लेसरच कमी पोचत होता, म्हणून खरखर उतरली होती. तेव्हापासून प्रत्येक मोजणीच्या आधी आणि नंतर, दोन्हीदा शॉट नॉइज घेते.

२. गळतीचा हिशेब कागदावर मांडा. साध्या फायबरमधला प्रकाशाचा ठिपका साधारण १० मायक्रोमीटरचा आणि सिलिकॉनची वाट जेमतेम अर्धा मायक्रोमीटर रुंद. या दारातच निम्मा प्रकाश सांडू शकतो. सांडलेल्याच्या जागी निर्वाताची खरखर शिरते, म्हणून ॲम्प्लिफायर लावून काही परत मिळत नाही. १० डेसिबल स्क्वीझिंग पाठवलं आणि निम्मं सांडलं, तर हाती येतं २.६. कितीही पाठवा, ३ च्या पलीकडे जाणार नाही. स्रोत, विभाजक, डिटेक्टर हे सगळं एकाच चिपवर बसवायचा आटापिटा मला त्यासाठीच सार्थ वाटतो.

३. फेज बदलायला आपण वाट तापवतो. ती ऊब शेजारच्या वाटेलाही लागते. थांबा, आकडा स्थिरावू द्या.

४. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांशी रोज बोला. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने फोटॉनिक चिप आणि ॲम्प्लिफायरची चिप थेट एकमेकींना जोडून स्क्वीझ्ड प्रकाश ९ गिगाहर्ट्झपर्यंत मोजला. मधली जोडणी आखूड झाली की धारिता घटते आणि वेग वाढतो. त्यांचा शोधनिबंध वाचून मी आमच्या बोर्डावरच्या तारा मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. केसाहून बारीक, पण चांगल्या तीन मिलिमीटर लांब. पुढच्या बोर्डाचा आराखडा त्याच दुपारी काढायला घेतला.