डोंगरवाटेवरील लहान दुचाकी : दातेरी चक्रांचा हिशेब

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, एटापल्लीहून गट्ट्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या परिसरात सूरजागडचा डोंगर आहे. लोहखनिजामुळे या डोंगराचे नाव सर्वत्र झाले असले, तरी परिसरातील अनेक माडिया पाड्यांचा जगाशी असलेला संबंध आजही जंगलातील पाऊलवाटांवरच अवलंबून आहे. हिवतापाच्या रुग्णाचा रक्तनमुना प्रयोगशाळेत वेळेवर पोहोचणे किंवा लसीची पेटी थंड असतानाच पाड्यावर जाणे, हे कित्येकदा एका लहान दुचाकीच्या चढण्याच्या शक्तीवर ठरते. ही शक्ती केवळ इंजिनाच्या आकारात नसून ती चाकापर्यंत कशी पोहोचते यात आहे.

चढ का थांबवतो?

१९७२ मध्ये आलेली लूना आणि १९८० मध्ये आलेली टीव्हीएस ५० यांसारख्या गाड्यांनी ग्रामीण भागात स्वस्त वाहनाची सोय केली. अशा ५० सीसीच्या गाडीचे, चालकाचे व सामानाचे मिळून वजन १५० किलोग्रॅम धरू. दर १० मीटर अंतरात १ मीटर उंची चढावयाची असल्यास हे वजन गाडीला सुमारे १५ किलोग्रॅम जोराने मागे ओढते. दगड आणि मऊ माती यांचा अडथळा आणखी निराळा.

इंजिन वेगाने फिरते, परंतु त्याचा पीळ अल्प असतो. दातेरी चक्रे हा वेग कमी करून पीळ वाढवितात. इंजिनाचे १० फेरे होतात तेव्हा मागच्या चाकाचा एक फेरा होत असेल, तर ती १० पट घट होय. या घटीला चाकापाशी १३ किलोग्रॅमचा रेटा मिळत असल्यास वरील चढ चढता येणार नाही. घट १५ पट केल्यास तोच रेटा सुमारे १९, आणि २० पट केल्यास २६ किलोग्रॅम होतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच. बदलते ते केवळ प्रमाण.

उदाहरणाने हिशेब

समजा, गाडीच्या आतील यंत्रणेची घट ५ पट आहे. पुढच्या चक्राला १२ व मागच्या चक्राला २४ दाते असल्यास साखळीची घट २ पट आणि एकूण घट १० पट होते. मागचे चक्र ३६ दात्यांचे बसविल्यास एकूण घट १५ पट, तर ४८ दात्यांचे बसविल्यास २० पट होईल.

या गाड्यांतील स्वयंचलित क्लच इंजिनाने विशिष्ट गती गाठल्यावरच पूर्ण पकडतो. ती गती मिनिटाला ३,००० फेरे आणि चाकाचा परीघ १.६५ मीटर धरला, तर क्लच पूर्ण पकडण्याच्या वेळी गाडीचा वेग १० पट घटीला ताशी सुमारे ३०, १५ पटीला २० आणि २० पटीला १५ किलोमीटर असेल. दगडी वाटेवर ताशी १५ किलोमीटरहून अधिक वेग धोक्याचा असतो. त्यामुळे मूळ प्रमाणाची गाडी तेथे क्लच घसरवीतच चालते. क्लच तापतो, त्याचे अस्तर जळते आणि गाडी चढाच्या मध्यावर बंद पडते. पुष्कळदा दोष इंजिनाला दिला जातो. मूळ कारण प्रमाणात असते.

लाभाची किंमत

मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर मूळ गाडी सपाटीवर ताशी सुमारे ६० किलोमीटर जाऊ शकली, तर २० पट घटीची गाडी ३० वरच थांबेल. म्हणून ज्याचा बहुतेक प्रवास डांबरी रस्त्याने होतो, त्याला मधले प्रमाण सोयीचे ठरते. अमेरिकेतील डोंगराळ भागात होंडा कंपनीच्या लहान गाड्यांना मागे मोठे चक्र लावण्यात आले, तेव्हा हाच पेच उभा राहिला. पुढे त्या कंपनीच्या सीटी-९० या गाडीत रस्ता व डोंगरवाट यांसाठी दोन निराळ्या घटी निवडण्याची सोय करण्यात आली.

गिअर असलेल्या मोटारसायकलीत बदल बेतानेच करावा. १४ व ४२ दात्यांच्या जोडीत पुढचे चक्र १३ दात्यांचे केल्यास रेटा सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. मागचे ४५ चे केल्यास परिणाम जवळजवळ तोच. पुढचे चक्र फार लहान केल्यास साखळी अधिक वाकते व लवकर झिजते. मागचे मोठे केल्यास साखळीच्या कड्या वाढवाव्या लागतात आणि साखळी कोठे घासत नाही ना, हेही पाहावे लागते.

उतारावरील दक्षता

क्लच सुटण्याच्या वेगाखाली स्वयंचलित क्लचची गाडी उतारावर इंजिनाने रोखली जात नाही. सारा भार ब्रेकवर येतो. नाल्यातून भिजून आलेल्या ब्रेकची पकड कमी असते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वी ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत. दर ५ मीटरला १ मीटर अशा चढाला ३० किलोग्रॅमहून अधिक रेटा लागतो. तेथे ५० सीसीच्या गाडीवरून उतरून, इंजिन चालू ठेवून गाडी ढकलणेच शहाणपणाचे.

कार्यालयासाठी वा ग्रामपंचायतीसाठी दुचाकी घेताना सर्वाधिक वेगाचा आकडा पाहण्याची प्रथा आहे. डोंगराळ भागात मात्र मार्गातील सर्वांत कठीण चढ आधी मोजावा, भार ठरवावा आणि त्यानुसार चक्रांचे दाते निवडावेत; बदलापूर्वी उत्पादकाची मर्यादा व परिवहन कार्यालयाचे नियम पाहावेत. शाळांतील विज्ञानशिक्षकांना गुणोत्तराचा धडा शिकविण्यासाठी दारात उभ्या असलेल्या दुचाकीच्या साखळीसारखे साधन क्वचितच मिळेल. दाते मोजता येणारा विद्यार्थी उद्या आपल्या पाड्याची गाडी चढावर का थांबली, हेही सांगू शकेल.