पितळी नळीची पकड

लेथवर कातून केलेले पेन बाहेरून लाकडाचे किंवा ॲक्रिलिकचे दिसत असले, तरी त्याचे बळ आतल्या पातळ पितळी नळीत असते. कारण टोकाचा भाग, रिफिल फिरवणारी यंत्रणा आणि वरची क्लिप हे सर्व या नळीत दाबून बसवलेले असते आणि भोवतीचे लाकूड कातून होईपर्यंत जेमतेम एक-दोन मिलिमीटर, टोकांशी तर त्याहूनही कमी उरते. एवढ्या पातळ सालीला नळीशी एकजीव ठेवण्याचे काम चिकटद्रव्याचे आहे, आणि पेन तडकले की लाकडाला, नळी आत फिरू लागली की सुट्या भागांना दोष देण्याची जी रीत आहे, ती बहुतेक वेळा चुकीची ठरते, कारण बिघाडाचे मूळ पुष्कळदा नळी चिकटवण्याच्या त्या काही मिनिटांत असते. सर्वच हातपेनांना नळी लागते असे मात्र नाही. एबोनाइट, म्हणजे गंधकाने कडक केलेले रबर, इतके एकसंध असते की त्यातच आटे पाडता येतात, आणि राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांची परंपरा याच पद्धतीवर उभी आहे. लाकडात मात्र पातळ भिंतीवर टिकाऊ आटे पडत नाहीत, म्हणून तेथे नळी अटळ होते.

श्रीरामपुरात हे काम करणाऱ्याला चिकटद्रव्याच्या आधी हवेचा विचार करावा लागतो. तालुका पर्जन्यछायेत आहे, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उष्मा त्याहून अधिक असतो. उलट पावसाळ्यात हवा दमट होते आणि प्रवरेच्या कालव्यांवर भिजणाऱ्या उसाच्या पट्ट्यात ती आणखी जड वाटते. लाकूड हवेतील ओलावा घेते व सोडते आणि त्यानुसार रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते, परंतु पितळ ओलाव्याने बदलत नाही. त्यामुळे श्रावणात ओलसर ठोकळ्यात बसवलेली नळी पुढच्या उन्हाळ्यात आकसणाऱ्या लाकडाला आतून अडवून धरते आणि लाकूड लांबीच्या दिशेने उभे तडकते. या भागात सहज मिळणाऱ्या बाभळीच्या लाकडात अशी तड प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिली आहे, आणि ती कोणत्याही चिकटद्रव्याने टळणारी नव्हती, कारण दोष लाकूड पुरते वाळलेले नसण्यात होता. यासाठी वखारीतून किंवा बांधावरून आणलेले लाकूड ठोकळ्यांत कापून, दोन्ही टोकांना मेण लावून, सावलीत ठेवावे आणि ठरावीक दिवसांनी वजन करावे. वजन घटायचे थांबले की ठोकळा त्या हवेशी जुळला असे समजावे, आणि शक्य असेल तर नळी बसवण्याचे काम कोरड्या महिन्यांत उरकावे.

चिकटद्रव्यांत सर्वांत मोहात पाडणारे म्हणजे सायनोॲक्रिलेट, जे बाजारात फेविक्विकसारख्या नावांनी परिचित आहे. ते हवेतून व पृष्ठभागावरून मिळणाऱ्या ओलाव्याच्या सूक्ष्म थराने घट्ट होते, आणि हा एक गुणधर्म लक्षात ठेवला की त्याचे निम्मे वर्तन उलगडते. दमट दिवसात ते इतक्या त्वरेने पकडते की नळी अर्ध्यात असतानाच अडकते आणि मग ती पुढेही जात नाही, मागेही येत नाही. कडक उन्हाळ्यात, किंवा आम्लधर्मी व तेलकट लाकडात, ते बाहेरून घट्ट झालेले दिसूनही आत ओले राहू शकते. पातळ प्रकार सच्छिद्र लाकडात शोषला जातो आणि नळीभोवती काहीच उरत नाही, म्हणून या कामासाठी घेतलेच तर दाट प्रकार घ्यावा. घट्ट झाल्यावर ते कडक पण ठिसूळ होते, आणि लेथवर हत्यार अडकून बसणारा झटका किंवा पॉलिश करताना निर्माण होणारी उष्णता यांपुढे त्याची पकड सुटते. ते लवकर घट्ट व्हावे म्हणून फवारले जाणारे रसायन ठिसूळपणा वाढवते. ॲक्रिलिकमध्ये आणखी एक अडचण आहे: तापमानाने ॲक्रिलिक पितळेच्या साडेतीन पटींहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे ५५ मिलिमीटर लांबीच्या नळीवर हिवाळ्याची पहाट आणि मेची दुपार यांतील ३० अंशांच्या फरकाने दोहोंच्या लांबीत सुमारे ०.०८ मिलिमीटरचे अंतर पडते, आणि हा ताण सोसायला थरात थोडी लवचिकता असावी लागते.

म्हणून या लेखकाचा स्पष्ट कौल हळू घट्ट होणाऱ्या इपॉक्सीला, म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारे हार्डनर अशा दोन नळकांड्यांत मिळणाऱ्या चिकटद्रव्याला आहे, ज्याचे अरॅल्डाइट हे नाव गावोगावच्या हार्डवेअर दुकानांत ठाऊक आहे. ते ओलाव्यावर नव्हे, तर दोन घटकांच्या परस्पर क्रियेवर घट्ट होते, भोक आणि नळी यांतील फट भरून काढते आणि नळी फिरवून नीट बसवायला अवधी देते. हार्डनर जास्त घातले की काम लवकर होते हा समज मात्र घातक आहे, कारण उरलेले हार्डनर थरात तसेच राहते आणि थर कायमचा चिवट, मऊ राहतो. वेष्टनावर जे प्रमाण दिले असेल तेच घ्यावे, ते आकारमानाने आहे की वजनाने हे पाहावे, आणि कडा खरवडत मिनिटभर घोटावे. तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे हिवाळ्यात अर्धा तास हाताळता येणारे मिश्रण मेच्या दुपारी दहा मिनिटांतच ओढू लागते. उन्हाळ्यात हे काम सकाळीच करावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे प्रकार सोयीचे असले तरी उष्णतेला व दमटपणाला ते सहसा लवकर नमतात.

सुताराच्या हाताशी असलेला पांढरा फेव्हिकॉल येथे निरुपयोगी आहे. तो पाणी उडून गेल्यावर सुकतो, बंद भोकात पाण्याला वाट नसते, लाकूड मात्र ते पिऊन फुगते, आणि गुळगुळीत पितळेवर तो धरतही नाही. पॉलियुरेथेनचा गोंद पकडीला चांगला असतो, परंतु घट्ट होताना फेसाळून फुगतो आणि नळीला बाहेर ढकलतो, म्हणून नळी दोन्ही बाजूंनी आवळून ठेवावी लागते.

निवड कितीही योग्य असली तरी पूर्वतयारीत कसूर झाली तर ती वाया जाते. भोक पाडताना ड्रिल वारंवार बाहेर काढून भुसा झटकावा, नाहीतर लाकूड तापते आणि भोक वाकडे जाते. तापलेल्या ठोकळ्यात लगेच नळी घालू नये, तो पूर्ण निवू द्यावा. नळी भोकात सैलसर सरकली पाहिजे, कारण घट्ट बसणारी नळी आत जाताना चिकटद्रव्य खरवडून पुढे लोटते आणि मधला भाग कोरडा राहतो. पितळेवरची चकाकी म्हणजे पकडीची शत्रू आहे. १५० ते २२० नंबरच्या पॉलिशपेपरने नळी सर्वांगाने खरबरीत करावी, ॲसिटोनने पुसावी आणि नंतर उघड्या बोटांनी धरू नये. शिसव किंवा साग यांसारख्या तेलकट लाकडाचे भोकही ॲसिटोनच्या बोळ्याने पुसून वाळवावे. नळीच्या तोंडाला मेणाचे बूच लावले की चिकटद्रव्य आत शिरत नाही. मग भोकाच्या आतल्या भिंतीला आणि नळीला, दोघांनाही लेप द्यावा, नळी गोल फिरवत अर्धी आत सारावी, थोडी मागे घ्यावी आणि पुन्हा फिरवत पूर्ण बसवावी. पारदर्शक ॲक्रिलिकमधून पितळ दिसते म्हणून नळी रंगवण्याची पद्धत आहे, परंतु मग चिकटद्रव्य पितळेला नव्हे, रंगाला धरते. त्यापेक्षा भोकाची आतली बाजू रंगवणे बरे, आणि तेथेही रंग पूर्ण वाळलेला असावा.

यानंतर पूर्ण एक दिवस ठोकळा बाजूला राहिला पाहिजे. टोके नळीशी काटकोनात सपाट करणारे ट्रिमर नावाचे हत्यार त्याआधी चालवले, तर अर्धवट घट्ट झालेला थर पात्यांना चिकटतो आणि नळी जागेवरून हलते. कातण्याआधी ठोकळा नखाने वाजवून पाहावा. एखाद्या जागी आवाज पोकळ आला तर तेथे चिकटद्रव्य पोचलेले नाही असे समजावे, आणि पोकळी टोकाजवळ असेल तर पातळ सायनोॲक्रिलेटचे थेंब सोडून ती भरता येते. त्याच्या सोयीची हीच एक जागा आहे.

सायनोॲक्रिलेट सुती कापडावर सांडले तर क्रिया इतकी उष्ण होते की धूर निघतो आणि कातडी भाजते, म्हणून हाताळताना सुती हातमोजे कधीही घालू नयेत, नायट्राइलचे घालावेत. बोटे चिकटली तर ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. डोळ्यात गेल्यास पापण्या ताणू नयेत, ॲसिटोन तर मुळीच लावू नये, तत्काळ नेत्रतज्ज्ञाकडे जावे. इपॉक्सीचा धोका सावकाश येतो: ते वारंवार अंगाला लागत राहिले की काहींना कायमची ॲलर्जी जडते आणि त्यानंतर थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठते. न उघडलेले सायनोॲक्रिलेट फ्रिजमध्ये ठेवले तर अधिक टिकते, मात्र वापरण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कारण थंड बाटली उघडताच दमट हवेतील पाणी आत साचते आणि सारे द्रव्य दाटू लागते.