काय विकावे?

मुलांनो, इंटरनेटवर दुकान काढायचे, तर काय विकायचे हे आधी ठरवावे लागते. १९९४ साली अमेरिकेत जेफ बेझोस यांनी २० वस्तूंची यादी केली व त्यांतून पुस्तके निवडली. का बरे? पुस्तके लाखो आहेत; ती सगळी एका दुकानात मावत नाहीत. टपालाने पाठवताना ती फुटत नाहीत. शिवाय कोठूनही घेतले, तरी पुस्तक तेच असते. १९९५ मध्ये त्यांचे ‘ॲमेझॉन’ सुरू झाले. इतर वस्तू नंतर आल्या.

भांडवल थोडे असेल, तर एकच वस्तू निवडा. ती लोकांना हवी आहे का? जवळपास सहज मिळते का? पाठवण्याचा खर्च वजा जाता नफा उरेल का? हे पाहूनच पैसा गुंतवा.

स्वाध्याय : बेझोस यांनी पुस्तकेच का निवडली?